टिपमन ९८ ला बाहेरची एअर लाइन बसवायची आहे, मॅक्रोलाइन टाकू की स्टीलचा होज?

गोदाकाठ_डॅलस

नमस्कार मंडळी, मी मूळचा नाशिकचा, सध्या डॅलसजवळ असतो. ऑफिसच्या ग्रुपबरोबर पेंटबॉलला जातो आणि दरवेळी मैदानावरचा भाड्याचा मार्कर (रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक) घ्यायचा कंटाळा आला म्हणून एकाकडून वापरलेला टिपमन ९८ कस्टम घेतला. मार्कर ठणठणीत आहे, बोल्ट मस्त सरकतो, पण आधीच्या मालकाने मूळची गॅस लाइन काढून टाकलेली आणि सोबत पिशवीत सुटे पार्ट दिलेत, कुठला कुठे बसतो हे त्यालाही धड सांगता आलं नाही कारण त्यानेही तो असाच कुणाकडून घेतला होता.

पिशवीत काय आहे ते सांगतो. एक ऑन-ऑफवाला एएसए, म्हणजे ज्यात टाकी फिरवून बसवतो तो तुकडा, त्याला गोल नॉब आहे. दोन एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, ज्यांत नळी नुसती ढकलून बसते. काळी मॅक्रोलाइन, म्हणजे नायलॉनची बारीक नळी, साधारण फूटभर. एक स्टीलच्या जाळीचा होज, त्याच्या आट्यांवर जुनी पांढरी टेप तशीच चिकटलेली. आणि एक उभा जाडजूड एक्स्पान्शन चेंबर. टाकी सध्या २० औंसची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) आहे, ती मार्करबरोबरच आली, पण आमच्या मैदानावर सगळे एचपीए, म्हणजे जास्त दाबाची साधी हवाच भरतात त्यामुळे ४८ घन इंच, ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची साधी ॲल्युमिनियमची टाकी घ्यावी असं डोक्यात आहे.

आता विचारायचं असं की मॅक्रोलाइन दिसायला छान आणि हलकी आहे, ती टाकू का? टेफ्लॉन टेप लावू की लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद), कारण इंटरनेटवर दोन्ही बाजूंनी लोक भांडतायत. एक्स्पान्शन चेंबर लागतोच का? आणि घरी हे सगळं करताना जिवाला धोका होईल असं काही आहे का ते आधी सांगा, घरात लहान मुलगी आहे.

---

एडिसनकर

गोदाकाठ, पार्ट नंतर बघू, आधी गॅस कुठला ते ठरवा, कारण बाकी सगळं त्याच्या मागे येतं.

एचपीए टाकीत आत ३००० पीएसआय असतात पण टाकीच्या डोक्यावर जो रेग्युलेटर असतो तो बाहेर पडताना दाब ८०० ते ८५० वर आणून सोडतो. तुमच्या लाइनमध्ये, एल्बोमध्ये, सगळीकडे हाच ८०० चा दाब. सीओटूच्या टाकीला रेग्युलेटरच नसतो, आतला दाब तापमान ठरवतं. २१ अंश सेल्सिअसला साधारण ८५० पीएसआय. शून्य अंशाला तोच पाचशेच्या आसपास उतरतो. आणि ३१ अंशांच्या वर गेलं की सीओटू द्रव म्हणून राहतच नाही, मग टाकी किती गच्च भरलीय त्यावर दाब कुठेही जातो. टेक्सासच्या जुलैमध्ये म्हणूनच सकाळी नीट चालणारा मार्कर दुपारी क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेगळाच आकडा दाखवतो. मार्करचा दोष नसतो तो.

दुसरं म्हणजे सीओटूची टाकी मार्करच्या बुडाला आडवी लागते, पुढे वाकलात की द्रव थेट लाइनमध्ये येतो. तो द्रव तिथे उकळून गॅस होताना नळी आणि फिटिंग बर्फासारखी गार पडते. मॅक्रोलाइन नायलॉनची असते, ती गारठून कडक होते, फिटिंगमधली बारीक ओ रिंग (सील करणारं रबरी कडं) आखडते आणि मग कॉलरपाशी, म्हणजे नळी धरून ठेवणाऱ्या फिटिंगच्या तोंडापाशी, सूं आवाज सुरू. एखाद्या वेळी नळी निसटतेही. म्हणून माझं सरळ मत: सीओटू असेल तर स्टीलचा होज, मॅक्रो फक्त एचपीएला. आणि तुम्ही एचपीएकडे जाणारच असाल तर आत्ता सीओटूसाठी काही बसवत बसू नका, टाकी आधी घ्या.

टाकी घेताना आउटपुट विचारा. स्टँडर्ड म्हणजे ८०० ते ८५० वाली हवी. दुकानात ४५० वाल्या लो प्रेशर टाक्याही असतात, त्या दुसऱ्या प्रकारच्या मार्करसाठी, ९८ त्यावर धड सायकल होणार नाही, म्हणजे पुढच्या शॉटसाठी आपोआप तयार होणार नाही. आट्यांची काळजी नको, एएसएमध्ये जाणारे आटे सीओटू आणि एचपीए दोन्ही टाक्यांचे एकच असतात.

एक्स्पान्शन चेंबर हा सीओटूसाठीच आहे, द्रवाला गॅस व्हायला जागा मिळावी म्हणून. एचपीएमध्ये द्रव नसतोच, त्यामुळे तो नुसतं वजन आणि गळायला दोन जास्तीचे जोड. काढून ठेवा. ९८ ला पुढे जिथून गॅस आत जातो तिथे एल्बो थेट बसवा.

आता जोडाजोड. एएसए ग्रिपच्या बुडाला दोन स्क्रूंनी बसतो. तुमच्या पिशवीतले स्क्रू मूळचेच आहेत याची खात्री नाही, म्हणून आधी स्क्रू हाताने पूर्ण आत जाऊन एएसए घट्ट धरतोय का बघा. स्क्रू लांब असला तर तो तळाला टेकतो आणि एएसए डुगडुगत राहतो, लोक मग जोर लावतात आणि ग्रिपमधले आटे जातात. एएसएला बहुतेक वेळा दोन तोंडं असतात, एकात एल्बो आणि दुसऱ्यात बुच. बुच आहे ना ते बघा, कित्येकदा आधीच्या मालकाने तिथे गेज लावलेला असतो आणि विकताना काढून घेतलेला असतो.

एल्बोचे आटे १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते, इंचाला २७. निमुळते असल्यामुळेच ते आवळत गेलं की धातूला धातू दाबून बसतात आणि सीलंट मधल्या बारीक फटी बुजवतं. जुनी टेप पूर्ण खरवडून काढा, दात घासायच्या जुन्या ब्रशने नर आणि मादी दोन्ही आटे साफ करा. मग लॉकटाइट निळं, २४२ किंवा २४३, पहिले दोन आटे कोरडे सोडून पुढच्या दोन-तीन आट्यांवर एक थेंब फिरवा. हाताने जाईल तेवढं आवळा, त्यानंतर पान्याने साधारण दीड-दोन वळसे. ॲल्युमिनियमचा एएसए आहे, स्टीलच्या नळासारखा पिळू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एल्बोचं तोंड हव्या त्या दिशेला आणताना पुढेच फिरवा, मागे अजिबात नाही. मागे घेतला की झालेलं सील मोडलं, परत साफ करून पहिल्यापासून करावं लागतं. नंतर २४ तास तसंच ठेवा, मग गॅस द्या. निळं लॉकटाइट हवेशी संपर्क तुटल्यावर आणि धातूला लागल्यावरच घट्ट होतं, त्यामुळे बाहेर ओलं दिसलं तर घाबरू नका. ओ रिंगला आणि प्लास्टिकला मात्र लागू देऊ नका.

लाल लॉकटाइट चुकूनही नको. पुढे कधी उघडायचं झालं तर तापवावं लागतं.

---

मावळचा_मेकॅनिक

मी लोणावळ्याच्या बाजूला एका मैदानावर मार्करची देखभाल बघतो, भाड्याचे ९८ च जास्त हातातून जातात. एडिसनकरांचं बरोबर आहे पण टेपबद्दल माझं वेगळं म्हणणं आहे ते खाली सांगतो.

आधी इथल्या वाचकांसाठी, कारण हा प्रश्न वाचून पुण्या-मुंबईतले लोकही पार्ट शोधायला निघणार आणि ऑनलाइन मागवलेलं महाग पडतं म्हणून भोसरीला किंवा लोहार चाळीत न्यूमॅटिकच्या दुकानात जाणार. तिथे हुबेहूब असेच ढकलून बसणारे एल्बो आणि निळी-काळी पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब मिळते, स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. ती कंप्रेसरच्या लाइनसाठी आहे, साधारण १० बारपर्यंतची. आपल्या लाइनमध्ये ८०० पीएसआय म्हणजे ५५ बार. पाचपटीहून जास्त. लगेच फुटली नाही तरी उन्हात मऊ पडल्यावर फुटणार, आणि ती नळी तुमच्या मनगटाच्या बाजूला असते.

आट्यांचंही तेच. आपल्याकडे दुकानात सहज मिळतं ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे. १/८ बीएसपी आणि १/८ एनपीटी शेजारी धरले तर नजरेला फरक कळत नाही. बीएसपी इंचाला २८ आटे आणि कोन ५५ अंश, एनपीटी २७ आटे आणि कोन ६० अंश. गंमत अशी की बीएसपीचा नर थोडा बारीक असल्याने एनपीटीत घुसतो, दोन-तीन वळसे छान जातो, माणसाला वाटतं बसला, आणि मग अडकतो. त्यावर पाना मारला की एएसएचे आटे कायमचे गेले. टेप कितीही गुंडाळा, ते गळतच राहतं. ओळखायचं कसं, तर एक पिच गेज, म्हणजे आटे मोजायचं पानांचं साधन, घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, २७ चं पान आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा, पान आणि आट्यामध्ये उजेड दिसला तर तो एनपीटी नाही.

नळीचंही माप बघा. मॅक्रोलाइन पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. आपल्याकडची न्यूमॅटिक नळी ६ मिमी. पाव इंचाच्या फिटिंगमध्ये ६ ची नळी ढकलली तर कॉलरचे दात तिला धरल्यासारखं करतात पण ओ रिंग नीट दाबली जात नाही. मॅक्रोलाइनच मागवा, एक-दोन फूट लागते फक्त, कुरियरचा खर्च सोसा.

आता टेप. एडिसनकर म्हणतात तसं लॉकटाइट चांगलं आहे हे मान्य, पण आमच्याकडे पावसाळ्यात मार्कर चिखलात लोळतो, दर थोड्या दिवसांनी लाइन उघडून धुवावी लागते, दरवेळी २४ तास थांबायला मार्कर रिकामा नसतो. म्हणून मी टेपच लावतो. पण कशी लावता यावर सगळं आहे. नराचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे आवळताना टेप सुटत नाही. दोनच फेरे, ताणून. पहिले दोन आटे मोकळे. टेपची बदनामी होते ती लोक टोकापर्यंत गुंडाळतात म्हणून, मग तिचा धागा तुटून गॅसबरोबर आत जातो आणि व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो, मार्कर बॅरलमधून गळायला लागतो आणि शोधणारा लाइनमध्ये शोधत राहतो.

---

एडिसनकर

मावळकर, तुमच्या कामात टेप बरोबर आहे, मुद्दा पटला. गोदाकाठचं मात्र एकदा बसवलं की वर्षभर उघडायचं काम नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून टेपचा धागा आत जाण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांना मी अजूनही लॉकटाइटच सांगेन. ते २४ तास थांबू शकतात.

बीएसपीचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

नगरी_नेमबाज

मध्येच विचारतो, माफ करा. ४५०० पीएसआयची टाकी लावली तर गोळी जास्त जोरात जाते का? एकजण छातीठोकपणे सांगत होता.

---

मावळचा_मेकॅनिक

नाही भावा. ४५०० टाकीच्या आत, बाहेर तेच ८००. जास्त हवा मावते म्हणून एका भरण्यात जास्त शॉट मिळतात, एवढंच. जोर ९८ ला डाव्या बाजूला जो वेलॉसिटीचा स्क्रू आहे त्याने ठरतो, आत फिरवला की वेग कमी, बाहेर काढला की जास्त. आणि मैदानावर ३०० फूट प्रति सेकंदाच्या वर कुणी खेळू देत नाही, देऊही नये, कित्येक ठिकाणी २८० च मर्यादा आहे.

---

बर्फातली_ताई

गोदाकाठ दादा, टोरांटोहून लिहितेय. सीओटूवर बरीच वर्षं खेळले आणि इथल्या थंडीत तो किती दगा देतो ते बघून एचपीएवर आले. एडिसनकरांनी शून्य अंशाचा दाब लिहिलाय ना, पाचशे, त्यावर ९८ ला पुढचा शॉट कॉक करण्याइतकाही जोर उरत नाही, एकेका ट्रिगरला बोल्ट तीन-तीनदा फटफटतो.

पण मला मॅक्रोलाइनच्या टोकाबद्दल लिहायचंय, ते कुणी लिहिलं नाही आणि घरी बसवणाऱ्यांची निम्मी गळती तिथेच असते. नळीचं टोक अगदी काटकोनात कापलेलं हवं. कात्रीने किंवा पक्कडीने कापलं की नळी चपटी होते, अंडाकृती. फिटिंगच्या आत गोल ओ रिंग असते आणि ती नळीच्या बाहेरच्या अंगावर दाबून सील करते, टोकावर नाही. म्हणजे नळी गोल हवी आणि शेवटच्या दीडेक सेंटीमीटरवर बाहेरून एकही ओरखडा नको. नळी कापायचा छोटा कटर मिळतो, तो घ्या, नसेल तर नवं कोरं ब्लेड, लाकडाच्या तुकड्यावर नळी ठेवून सरळ खाली दाबायचं, करवतीसारखं मागेपुढे नाही. कापल्यावर कडेला धागा राहिला असेल तर नखाने काढा, नाहीतर आत ढकलताना तोच ओ रिंगला कापतो.

मग नळीवर पेनाने खूण करा, फिटिंग किती खोल आहे तेवढ्यावर. ढकलताना आधी एक अडथळा लागतो, ती ओ रिंग. बरेचजण तिथेच थांबतात कारण वाटतं की पोचली. अजून जोर लावा, दुसऱ्यांदा टणक तळ लागतो, तो खरा. खूण कॉलरच्या आत गेलेली दिसली पाहिजे. मग नळी मागे ओढून बघा, कॉलर किंचित बाहेर येते आणि नळी हलत नाही. हलली तर परत.

लांबी मोजताना अगदी ताणून मोजू नका. नळीला हलका बाक राहिला पाहिजे आणि ती एल्बोत सरळ शिरली पाहिजे. तिरकी शिरली की ओ रिंगवर एका बाजूने कायम दाब राहतो, पहिले दोन खेळ नीट जातात आणि मग कारण नसताना गळायला लागते.

काढताना आधी लाइनमधला दाब पूर्ण सोडायचा, मगच कॉलर दाबून नळी ओढायची. दाब असताना कॉलर दाबलीत तर नळी चाबकासारखी सुटते. मुलगी घरात आहे म्हणालात, तर हे काम ती झोपल्यावर किंवा गॅरेजचं दार लावून, आणि डोळ्यांवर खेळायचा मास्क घालूनच करा. मास्क हा घरातल्या कामालाही आहे.

---

गोदाकाठ_डॅलस

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचा दोन अडथळ्यांचा मुद्दा वाचला आणि पिशवीतली नळी बघितली तर तिची दोन्ही टोकं पक्कडीने तोडल्यासारखी चपटी आहेत.

आतापर्यंतची हकीकत: स्टँडर्ड आउटपुटची ४८/३००० टाकी घेतली, नवी. चेंबर काढून ठेवला. पिच गेज घेतलं, दोन्ही एल्बो २७ चेच निघाले. लॉकटाइट २४३ लावून दोन्ही एल्बो बसवले, पूर्ण दिवस तसेच ठेवले. नळी नवीन आणली, कटरने कापली, खूण करून ढकलली. बॅरलमध्ये पेंट नाही, बॅरलवर कव्हर, मास्क घातलेला, मग टाकी बसवून नॉब हळूहळू आत फिरवला. मार्कर भरला. पण कुठूनतरी अगदी बारीक आवाज येतोय, कानाला धड कळत नाही कुठून. एएसएजवळ वाटतो. टाकी काढून ठेवलीय. आता काय करू?

---

बर्फातली_ताई

कानावर जाऊ नका. वाटीत पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, बारीक ब्रशने प्रत्येक जोडाला लावा. एकावेळी एकच जोड, वरपासून खाली. टाकी आणि एएसए जिथे भेटतात ती फट, नॉबच्या दांड्याभोवती, बुच, एल्बोचे आटे, कॉलर. बुडबुडे जिथे सारखे येत राहतात तिथे गळती. लावताना जो फेस होतो तो नाही, पुसून परत लावल्यावरही जो उगवतो तो. मार्कर बादलीत बुडवू नका, लोक तसंही करतात.

बॅरलच्या तोंडातून हवा येत असेल तर ती लाइनची गळती नाही, आतल्या व्हॉल्व्हची आहे, तो वेगळा विषय.

---

मावळचा_मेकॅनिक

माझा अंदाज टाकीची ओ रिंग. नवी टाकी असली तरी बघा. टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर जी रिंग असते तिचं माप ०१५. काळी मऊ असेल तर ती बुना रबराची, बदलून पॉलियुरेथेनची टाका, कडक आणि जास्त टिकते. सीओटूवर तर बुना चालतच नाही म्हणायला हरकत नाही, रबर दाबाखाली गॅस शोषून घेतं आणि टाकी काढली की फुगून फाटतं. पाच-दहा जास्तीच्या कायम बॅगेत ठेवा.

ऑन-ऑफ एएसएचा खरा फायदाही इथेच आहे. साध्या एएसएमध्ये टाकी फिरवत असतानाच टाकीच्या व्हॉल्व्हची पिन दाबली जाते, म्हणजे रिंगवर आठशेचा दाब असताना ती धातूवर घासत फिरते. तुमच्याकडे नॉब आहे तर नॉब पूर्ण बाहेर ठेवून टाकी शेवटपर्यंत बसवा, मग नॉब आत. काढताना उलट: नॉब बाहेर, सुरक्षित दिशेला धरून उरलेली हवा रिकाम्या शॉटने काढा, मग टाकी फिरवा. काही एएसए नॉब बाहेर घेतला की उरलेली हवा स्वतःच सोडून देतात, काही नाही सोडत, त्यामुळे शॉट मारून खात्री करायचीच.

---

गोदाकाठ_डॅलस

सापडली! साबणाच्या पाण्याने दोन मिनिटांत कळलं. टाकीची रिंग ठीक होती, गळती एएसएच्या बाजूच्या बुचातून होती. ते बुच आधीपासूनच बसवलेलं होतं म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता, त्याच्यावर जुनी वाळलेली टेप निघाली. साफ करून लॉकटाइट लावून ठेवलंय, उद्या बघतो.

---

एडिसनकर

छान. वापरलेल्या पार्टमध्ये आधीच बसवलेला जोड हा सगळ्यात जास्त संशयाचा, एल्बो आपण स्वतः बसवले म्हणून तेवढेच बघतो.

उद्या दाब दिल्यावर तासभर तसंच ठेवा आणि टाकीच्या गेजचा काटा बघा. सुरुवातीला जरासा उतरेल, टाकी भरताना गरम होते आणि गार झाल्यावर दाब थोडा खाली येतो, तो गळतीचा नव्हे. त्यानंतर काटा स्थिर राहिला पाहिजे. आणि तेलाबद्दल कुणी बोललं नाही: ९८ ला खेळायच्या आधी एएसएच्या तोंडात पेंटबॉलच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकून काही रिकामे शॉट मारायचे, तेल हवेबरोबर आतपर्यंत जातं. पण टाकी जिथून भरतात त्या निपलला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही. ३००० पीएसआयची हवा झटक्यात आत जाते तेव्हा तिथे इतकी उष्णता होते की तेल पेट घेऊ शकतं. भरणाऱ्यालाही सांगा हळू भर.

---

गोदाकाठ_डॅलस

झालं मंडळी. तासभर काटा हलला नाही. शनिवारी मैदानावर क्रोनो केला, सुरुवातीला २९५ च्या आसपास दाखवत होता, आमच्याकडे मर्यादा २८० आहे, वेलॉसिटीचा स्क्रू थोडा आत घेतल्यावर २७० ते २७५ मध्ये स्थिर झाला. दिवसभर खेळलो, एकही जोड गळला नाही. सीओटूला जसा पाठोपाठच्या शॉटला वेग पडायचा तसं काहीच झालं नाही, शॉट अगदी एकसारखे.

आता एकच, ती जुनी २० औंसची सीओटूची टाकी आहे, तिचं काय करू? एक मित्र मागतोय.

---

मावळचा_मेकॅनिक

देण्याआधी दोन गोष्टी बघा. टाकीच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, अमेरिकेत पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) लागते, ती उलटली असेल तर टेस्ट केल्याशिवाय कुणी भरू नये. तुमच्या नव्या ॲल्युमिनियमच्या टाकीलाही तोच नियम आहे, तारीख आत्ताच लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एएसएमधून टाकी काढताना पितळी व्हॉल्व्ह टाकीबरोबर फिरतोय का बघा. कधीकधी व्हॉल्व्ह एएसएमध्ये अडकून राहतो आणि टाकीच व्हॉल्व्हवरून सुटायला लागते, माणसाला वाटतं टाकी निघतेय. अमेरिकेत अशा सुटलेल्या टाक्यांनी माणसं मेलेली आहेत. नेलपॉलिशने व्हॉल्व्ह आणि टाकी दोन्हींवर मिळून जोड ओलांडणारी एक सलग रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की थांबायचं, उलटं फिरवून परत घट्ट करायचं आणि टाकी दुकानात न्यायची. आधीच्या मालकाने व्हॉल्व्ह कधी बदलला होता का हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, म्हणून मी तर म्हणेन मित्राला देण्याआधी दुकानातून एकदा तपासूनच घ्या.

---

बर्फातली_ताई

आणि तोपर्यंत ती गाडीच्या डिकीत ठेवू नका. डॅलसच्या उन्हात बंद गाडी साठ अंशांपर्यंत सहज जाते आणि भरलेल्या सीओटूच्या टाकीची बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फुटून गॅस बाहेर सोडणारी चकती) अशा तापमानाला फुटू शकते, डिस्क फुटणं हे सुरक्षेसाठीच असतं पण बंद गाडीत सगळा सीओटू एकदम सुटला आणि आत कुणी बसलेलं असलं तर श्वास कोंडतो. मुलीला घेऊन जाता त्या गाडीत तर नकोच. मैदानावर नेतानाही खिडकी थोडी उघडी ठेवा आणि उतरताना टाकी बरोबर घेऊन उतरा.